कागदावर नसलेली विहीर

गेल्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करारनामा वाचून दाखवण्यासाठी सगळ्या भाडेकरूंना मालकांच्या ओटीवर बोलावले होते. बिल्डरच्या बाजूने आलेला वकील माझ्या मुलाच्या वयाचा होता, पण समोर बसलेल्यांत निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे आहेत हे ओळखून तो अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचत होता. आधी चतुःसीमा झाल्या. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला शेजारची इमारत, दक्षिणेला नाला. मग खोल्यांचे क्षेत्रफळ चौरस फुटांत, मग गॅलरी, जिना, सामाईक संडास, तुळशीवृंदावनालगतची मोकळी जागा. आई माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसली होती. वाचन संपल्यावर लोकांनी पार्किंगचे विचारले, इमारत उभी राहीपर्यंतच्या भाड्याचे विचारले, लिफ्ट किती असतील ते विचारले. सगळे प्रश्न संपून कागद सह्यांसाठी फिरू लागले तेव्हा आईने हात जरासा वर केला आणि विचारले, “आणि विहीर?”

वकिलाने पुन्हा पाने उलटली. घाई न करता, शेवटच्या परिशिष्टापर्यंत त्याने पाहिले. मग तो म्हणाला, “आजी, विहीर कागदावर नाहीये.” आईने मान हलवली, चष्मा लावला आणि दाखवल्या त्या तिन्ही ठिकाणी पूर्ण नावाने सही केली. गाडीतून ठाण्याला परत येताना ती विहिरीविषयी एक शब्दही बोलली नाही.

त्या प्रश्नाने मला महिनाभर स्वस्थ बसू दिलेले नाही. लहानपणीच्या डोंबिवलीबद्दल घरात बोलणारा मी. मुलांना, सुनेला, ऑफिसातल्या लोकांना ती विहीर मी इतक्या वेळा सांगितली आहे की न पाहिलेल्यांनाही ती ओळखीची झाली आहे. आई मात्र तो विषय निघाला की उठून दुसऱ्या कामाला लागते. तिने त्या विहिरीची आठवण स्वतःहून काढल्याचे मला स्मरत नाही. मग सगळ्या चाळीतून तिनेच तो प्रश्न का विचारला?

चाळीच्या मागच्या अंगाला, औदुंबराच्या सावलीत ती विहीर होती. काळ्या दगडाचा गोल कठडा माझ्या तेव्हाच्या छातीपर्यंत येई, आणि वर लाकडी आडव्या तुळईला तीन रहाट बसवलेले होते. तिन्ही रहाटांचे आवाज वेगळे. जिन्याकडचा किरकिरत असे, मधला जवळजवळ मुका होता आणि औदुंबराकडच्या रहाटातून प्रत्येक फेऱ्याला एखादे जनावर कण्हावे तसा दीर्घ आवाज निघे. अंथरुणात पडल्या पडल्या कोणत्या रहाटावर पाणी चालले आहे ते मला कळायचे, आणि त्यावरून साधारण किती वाजले असतील तेही. कठड्याच्या कडेला दोर घासून घासून खाचा पडल्या होत्या. रहाट बसवण्याच्या आधीच्या काळातल्या असणार त्या, कारण आमच्या वेळी दोर दगडाला लागतच नसे. त्यांतली सर्वांत खोल खाच माझे बोट पहिल्या पेरापर्यंत आत जाईल एवढी होती, आतून काचेसारखी गुळगुळीत आणि वैशाखाच्या दुपारीही गार. दगडाला काथ्याने एवढी खाच पडायला किती बायकांचे किती हात लागले असतील, हा हिशेब त्या वयात मनात आला नाही. मला ते बोट घालून बसायचे ठिकाण वाटे. खाली वाकले की आधी विहिरीचा वास येई, शेवाळाचा, ओल्या दगडाचा आणि किंचित लोखंडासारखा. मग डोळे अंधाराला सरावले की डासांसाठी सोडलेले गप्पी मासे दिसत, आणि नशीब असेल तर कासव.

नळ नव्हता असे नाही. चाळीला मिळून एक नळ होता. सकाळी तासभर त्याला करंगळीएवढी धार येई आणि ते पाणी पिण्याचे म्हणून वेगळे ठेवले जाई. बाकी अंघोळी, धुणी, भांडी, केर-फरशी, देवाला, झाडाला, सगळे विहिरीचे. फडके रोडच्या बाजूला तेव्हाही गजबज असे, गणपतीच्या देवळात तर १९२४ पासून वर्दळ होती, पण आमच्याकडे मानपाड्याच्या दिशेला अजून भाताची खाचरे होती आणि पावसाळ्यात रात्रभर बेडकांचे ओरडणे चाले. एमआयडीसीतले कारखाने पलीकडे होते. उत्तरेला ठाकुर्लीच्या बाजूला चोळ्याच्या पॉवर हाऊसचा धूर दिसायचा. त्या कोळशावर आपल्या लोकल चालतात, असे वडिलांनी मला एकदा पुलावर उभे करून सांगितले होते, आणि पुढे कितीतरी दिवस मी धूर कमी दिसला की आज वडिलांची गाडी उशिरा येणार असे धरून चालत असे.

वडील आणि आई दोघेही फोर्टात नोकरीला होते. व्ही. टी. पर्यंतचे ४८ किलोमीटर रोज जायचे आणि रोज यायचे. सकाळी आठ वाजेपर्यंत चाळीतली मोठी माणसे जवळपास सगळी निघून गेलेली असत आणि आम्ही मुले मालकांच्या आजीच्या नजरेखाली उरत असू. आजी विहिरीजवळच्या पायरीवर तांदूळ निवडत बसे. विहिरीत डोकावणाऱ्याचे नाव घेऊन ती हाक मारी, आणि ती हाक चुकवून कठड्यावर पोटावर लवंडायचे हाच आमचा खेळ. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा आकाशातून पडणार होती तेव्हा ती आमच्याच विहिरीत पडेल यावर आमचे एकमत झाले होते, कारण आम्हाला माहीत असलेल्या जगात वर तोंड करून उघडी असलेली तेवढीच एक मोठी जागा होती. त्या रात्री आम्ही गॅलरीत जागे राहिलो. पाऊस पडत होता आणि विहिरीत त्याचा आवाज जमिनीवरच्या पावसाहून वेगळा, पोकळ, खालून वर येणारा होता.

दरवर्षी मे महिन्यात विहिरीतला गाळ काढला जाई. एरवी त्यासाठी बाहेरची माणसे येत. पण १९७४ साली ८ मे रोजी रेल्वेचा संप सुरू झाला आणि तो २७ तारखेपर्यंत चालला. लोकल कधी यायची, कधी नाही. काही जण ट्रकने ठाण्यापर्यंत पोचून पुढचा प्रवास शोधत, काहींनी दादरला नातेवाइकांकडे मुक्काम हलवला, पण बरेच पुरुष घरीच अडकले. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. शाळेला सुट्टी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांचे वडील भर दुपारी लेंग्या-बनियनवर गॅलरीत उभे. चौथ्या-पाचव्या दिवशी कोणीतरी म्हणाले, या वर्षी गाळ आपणच काढू.

डिझेलचे इंजिन भाड्याने आणून पाणी उपसायला एक अख्खा दिवस गेला. संध्याकाळी पाणी गुडघ्याएवढे राहिले तेव्हा मालकांनी पेटता कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडला. आम्ही श्वास रोखून बघत होतो. ज्योत विझली नाही, म्हणजे खालची हवा माणसाला चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळ फोडून तीन जण कमरेला दोर बांधून उतरले, त्यांत माझे वडील. फायलींचे काम करणारी, शर्टाची बाही दोन वेळा दुमडणारी ती माणसे खाली गुडघाभर चिखलात उभी राहून घमेली भरत होती आणि वर बाकीचे रहाटाने ती खेचत होते. कासवाला मालकांच्या तांब्याच्या घंगाळात ठेवले होते. वर आलेला गाळ काळा, लोण्यासारखा मऊ आणि इतका थंड होता की हातात घेतल्यावर बोटे बधिर होत. दुपारी खालून वडिलांचा आवाज आला, “झरा लागला!” विहिरीतून येताना त्या आवाजाला घोगरी, मोठी कड चढली होती. मला तो आवाज फार आवडला. त्या आवाजातले वडील मी पुन्हा कधी ऐकले नाहीत.

गाळातून निघालेल्या वस्तू औदुंबराखाली पोत्यावर मांडल्या गेल्या. रबरी चेंडू, एकेकटी चप्पल, किल्ल्यांचा जुडगा, कंपासपेटी, आणि भांडी. तांबे, पेले, चार-पाच कळशा. मालकांच्या आजीने ती चिंचेने घासून घ्यायला लावली आणि मग खरी गंमत सुरू झाली, कारण घासल्यावर नावे वर आली. भांडीवाल्याने ठोकलेल्या ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे. ‘चि. सौ. कां.’ अमकी हिस मामाकडून. अमक्याच्या मुंजीप्रीत्यर्थ. कोपऱ्यातल्या खोलीतले मास्तर भांडे उन्हात तिरके धरून नाव वाचत आणि ज्याचे त्याच्या हातात देत. आपले माहेरचे नाव असे सगळ्या चाळीसमोर मोठ्याने वाचले गेल्यावर काकू मंडळी लाजत, हसत, आणि पदराने भांडे पुसत पुसत घरी नेत. एक पेला उरला. त्यावरचे नाव कोणालाच ओळखता आले नाही. आपल्या आधी केव्हातरी इथे राहून गेलेल्या बाईचा असणार, असे आजी म्हणाली आणि तिने तो आपल्या देवघरात ठेवला. माझ्या बालपणातला सर्वांत सुंदर दिवस कोणता असे विचारले तर मी हाच सांगेन, आणि सांगतही आलो आहे.

आता आईच्या बाजूने मोजू लागलो की हाच काळ मला वेगळा दिसतो.

ती साडेचारला उठायची. औदुंबराकडचा तो कण्हणारा रहाट बहुतेक तिचाच असे, कारण इतक्या पहाटे मधला रहाट मालकांकडच्यांसाठी मोकळा ठेवण्याची रीत होती. सकाळच्या बारा कळशा, जिन्याच्या सतरा पायऱ्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की दोराचे वीस-बावीस हात ओढल्याशिवाय कळशी वर येत नसे. मग स्वयंपाक, दोन डबे, आमच्या वेण्या आणि दप्तरे, आणि साडेसातच्या सुमाराची लोकल. संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा सहा-सात कळशा. तिच्या उजव्या तळव्यावर बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते. तेल लावताना ते माझ्या टाळूला टोचत आणि मी डोके बाजूला घेई. वडील वाईट नव्हते, रविवारी ते पाणी भरत, पण तो रविवार होता आणि लोक त्याचे कौतुक करत. मला तर कोणी विहिरीवर पाठवलेच नाही. मुलगा आहे, पडेल, असे म्हणत. माझी बहीण माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती नवव्या वर्षापासून लहान कळशी घेऊन आईच्या मागे उभी राहत होती, आणि ती पडेल अशी भीती कोणाला वाटली नव्हती. काही वर्षांपूर्वी मी कठड्यावरच्या त्या खाचेची आठवण काढली तेव्हा बहीण म्हणाली, “तुला ती खाच आठवते. मला दोर आठवतो.” मी विषय बदलला होता.

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. सूर्यग्रहण होते. खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून जाणार होता, आपल्याकडे सूर्य पुरता झाकला जाणार नव्हता, पण रस्ते मात्र पुरते ओस पडले होते. फार जण कामाला गेलेच नाहीत. आम्हाला खिडक्या लावून आत बसवले होते. फटीतून येणारे ऊन भर दुपारी पातळ आणि राखाडी झाले, कावळे एकदम बोलू लागले आणि मग गप्प झाले. आदल्या रात्री आजीने विहिरीत तुळशीपत्र आणि दर्भ सोडले होते. विहिरीचे पाणी त्यामुळे चालणार होते, पण घरातले साठवलेले पाणी चालणार नव्हते. ग्रहण सुटल्यावर प्रत्येक घराने पिंपे, हंडे, माठ, सगळे ओतून दिले. गॅलरीतून पाण्याचे लोट वाहिले, आम्ही मुले त्यात नाचलो. आणि मग प्रत्येक घरात सगळ्यांच्या अंघोळी आणि प्रत्येक भांडे नव्याने भरायचे. तिन्ही रहाट रात्री नऊपर्यंत थांबले नाहीत. त्या रात्री आईची कळशी विहिरीत गेली. तिच्या माहेरची, पितळेची, काठाखाली नाव ठोकलेली. आई जिना चढून वर आली तेव्हा हात रिकामे होते आणि ती एवढेच म्हणाली, “सुटली.”

पुढचे दोन रविवार वडिलांनी गळ टाकला. लोखंडी आकड्यांचा तो घोस दोराने तळाशी फिरवायचा, काही अडकल्यासारखे वाटले की हलकेच ओढायचे. एक बादली आली, शेजाऱ्यांचा तांब्या आला. कळशी आली नाही. मेमध्ये गाळ काढतील तेव्हा मिळेल, असे सगळे म्हणाले. पण त्या वर्षी गाळ निघाला नाही, कारण पाइप टाकायचे काम सुरू झाले होते, आणि पुढच्या वर्षी घरोघर नळ आले. आई त्या दिवशी कामावर गेली नाही. नळाखाली हात धरून ती बराच वेळ उभी होती. विहिरीवर आधी पंप बसला, मग रहाट निघाले. १९८३ साली महानगरपालिका झाली त्याच सुमाराला एक मूल पडता पडता वाचले म्हणून वर सिमेंटची स्लॅब पडली, मधोमध लोखंडी झाकण ठेवून. काही वर्षांत त्या स्लॅबवर स्कूटर उभ्या राहू लागल्या, गणपतीत मांडव तिथेच पडू लागला. चाळीत नंतर राहायला आलेल्या कितीतरी जणांना आपण विहिरीवर उभे आहोत याची कल्पना नव्हती. वकिलाच्या कागदावर ती कशी येणार?

परवा रात्री जेवणे झाल्यावर मी आईला विचारलेच. ती मेथी निवडत होती. “तू त्या दिवशी विहिरीचे का विचारलेस?”

तिने दोन-तीन काड्या खुडल्या. मग म्हणाली, “माझी कळशी आहे त्यात.”

“ते आठवतंय मला. ग्रहणाच्या दिवशी सुटली ती.”

“सुटली असं मी सांगितलं सगळ्यांना.” तिने मेथी बाजूला ठेवली. “चौतीस कळशा झाल्या होत्या त्या संध्याकाळी. मी मोजत होते. पस्तिसावी वर आली, काठावर टेकली, आणि तिच्यावरचं नाव माझ्यासमोर आलं. कंदील होता तिथे. कितीतरी दिवसांत ते नाव मी वाचलं नव्हतं. आणि मग ती खाली गेली. सुटली की मी सोडली, ते मला अजून सांगता येत नाही रे. आवाज झाला तेव्हा बरं वाटलं, एवढं आठवतं. आणि मग लगेच रडू आलं.”

पंचेचाळीस वर्षे मी जिची गोष्ट सांगत होतो त्या विहिरीबद्दल मला काय माहीत होते? कठडा, कासव, गारवा, वडिलांचा घोगरा आवाज. ते खोटे नव्हते आणि ते टाकून देणे मला जमणारही नाही. त्या गाळाच्या दिवसाचा आनंद आजही तसाच आहे, फक्त आता त्या पोत्यावर मांडलेल्या कळशा डोळ्यांसमोर आल्या की प्रत्येकीच्या मागे एक दमलेला हात दिसतो, आणि त्यांतल्या किती सुटल्या असतील आणि किती नाही, हा विचार मनातून जात नाही.

रविवारी मी एकटाच डोंबिवलीला गेलो. निम्म्या खोल्या रिकाम्या झाल्या आहेत, दारांच्या चौकटी काढून नेल्या आहेत. स्लॅबवर एक जुनी स्कूटर होती, ती बाजूला घेतली. झाकण गंजून धरले होते. पहाऱ्यावरच्या माणसाने पहार आणून दिली आणि दोघांनी मिळून ते उचकटले. आतून तोच वास आला. मोबाइलचा उजेड खालपर्यंत पोचेना, म्हणून मी एक खडा टाकला आणि आईला फोन लावला.

“पाणी आहे का?” तिने विचारले.

“आहे,” मी म्हणालो. “बरंच वर आहे.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “झाकण नीट लाव. कोणी मूल बिल जाईल तिथे.”